जो लुइस : एका जगज्जेत्याचा जमाखर्च

२२ जून १९३७ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरीत लोळवून जो लुइस हेवीवेट गटाचा जगज्जेता झाला. १ मार्च १९४९ रोजी त्याने निवृत्ती जाहीर केली, तोवर किताब त्याच्याकडेच होता. या पावणेबारा वर्षांत त्याने तो २५ वेळा पणाला लावला आणि २५ वेळा राखला. एवढा दीर्घ काळ सलग हेवीवेट जगज्जेता राहणे पुढे कोणालाही जमले नाही. हे आकडे मुष्टियुद्धाच्या कोणत्याही कोशात सापडतात. मात्र या विजेत्याला रिंगपेक्षा रिंगबाहेरच जास्त सावध राहावे लागले, आणि देशाने त्याच्याकडून जेवढे घेतले त्याच्या मानाने त्याच्या पदरात फारच थोडे पडले, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी लुइसच्या जन्माच्याही मागे, जॅक जॉन्सनपर्यंत जावे लागते.

जॉन्सन हा हेवीवेट गटाचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता. डिसेंबर १९०८ मध्ये सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून त्याने किताब मिळवला. लढताना तो हसे, समोरच्याला टोमणे मारी, रिंगबाहेर भरधाव मोटारी पळवी, आणि गोऱ्या स्त्रियांशी असलेले संबंध लपवणे तर दूरच, त्यांच्याशी उघड लग्ने करी. ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे त्याने माजी विजेता जेम्स जेफ्रीज याला लोळवले, तेव्हा अमेरिकेतल्या कित्येक शहरांत दंगली उसळल्या. त्यांत मेलेले बहुतेक जण कृष्णवर्णीय होते. पुढे १९१३ मध्ये मॅन कायद्याखाली, म्हणजे अनैतिक हेतूने स्त्रीला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याला बंदी करणाऱ्या कायद्याखाली, जॉन्सनला दोषी ठरवण्यात आले. तो देश सोडून गेला आणि १९१५ मध्ये हवाना येथे जेस विलार्डकडून हरला. त्यानंतर २२ वर्षे एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला हेवीवेट किताबासाठी लढू दिले गेले नाही. कृष्णवर्णीय हॅरी विल्स वर्षानुवर्षे तेव्हाचा विजेता जॅक डेम्प्सी याच्या मागे लागला होता, पण ती लढत कधी झालीच नाही. तसा लेखी नियम कुठेही नव्हता. प्रमोटर, मॅनेजर आणि शहरांचे कारभारी यांची ती आपसातली समजूत होती, आणि ती कोणत्याही नियमापेक्षा कडकपणे पाळली गेली.

जोसेफ लुइस बॅरो याचा जन्म १३ मे १९१४ रोजी अलाबामा राज्यातल्या लाफायेत गावाजवळ झाला. घरचे लोक दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे. आठ भावंडांत हा सातवा. तो दोन वर्षांचा असताना वडिलांना मनोरुग्णालयात ठेवावे लागले. ते वारले अशी बातमी आल्यावर आई लिली हिने पॅट ब्रुक्स या विधुराशी संसार थाटला. १९२६ मध्ये हे सगळे कुटुंब डेट्रॉइटला आले. दक्षिणेतले कापसाचे शिवार आणि तिथली वांशिक दहशत मागे टाकून लाखो कृष्णवर्णीय त्या काळात उत्तरेतल्या कारखान्यांकडे निघाले होते, त्यांतलेच हे एक. मुलगा ब्रॉन्सन व्होकेशनल स्कूलमध्ये लाकूडकाम शिकू लागला. त्याने व्हायोलिन शिकावे अशी आईची इच्छा होती. शिकवणीसाठी तिने दिलेले पैसे त्याने ब्रूस्टर केंद्राच्या व्यायामशाळेत लॉकरच्या भाड्यापायी खर्च केले, ही गोष्ट पुढे फार गाजली.

सुरुवात मात्र गाजण्यासारखी नव्हती. १९३२ मधल्या पहिल्याच हौशी लढतीत ऑलिंपिकपटू जॉनी मायलरने त्याला सात वेळा खाली पाडले. दोन वर्षांनी, १९३४ मध्ये, तो सेंट लुइस येथे लाइट हेवीवेट गटाचा राष्ट्रीय हौशी विजेता झाला. त्याच वर्षी ४ जुलैला शिकागोत तो पहिल्यांदा पैशांसाठी लढला. जॅक क्रॅकेनला त्याने पहिल्याच फेरीत आडवे केले. बिदागी मिळाली ५९ डॉलर.

तोवर त्याच्याभोवती तीन माणसे जमली होती. तिघेही कृष्णवर्णीय होते, आणि त्या काळी हेच मोठे नवल होते. डेट्रॉइटचा जॉन रॉक्सबरो ‘नंबर्स’ नावाचा, आपल्याकडच्या मटक्यासारखा बेकायदा आकड्यांचा धंदा चालवी. शिकागोचा ज्युलियन ब्लॅक त्याचा भागीदार. जॅक ब्लॅकबर्न हा प्रशिक्षक. तो स्वतः एके काळचा नामांकित लाइटवेट योद्धा, मनुष्यवधाच्या गुन्ह्यात तुरुंगवास भोगलेला, तोंडावर चाकूचा वण असलेला. गोऱ्या पंचांच्या गुणपत्रिकेवर कृष्णवर्णीय माणसाने विसंबून राहू नये, निकाल आपल्या मुठीने लावावा, हा त्याचा पहिला धडा.

रॉक्सबरोने लुइससाठी वर्तनाचे नियमच ठरवून दिले. गोऱ्या स्त्रीसोबत फोटो काढायचा नाही. नाइटक्लबात एकट्याने जायचे नाही. पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून हसायचे नाही, नाचायचे नाही. निकाल आधीच ठरवलेली लढत घ्यायची नाही. कॅमेऱ्यासमोर चेहरा कोरा ठेवायचा. जॉन्सनने जे जे केले त्याच्या नेमके उलट, एवढेच या यादीचे सूत्र होते. विशीतल्या एका तरुणाला आपण कोण आहोत यापेक्षा आपण कोण नाही आहोत हे रोज सिद्ध करावे लागत होते. योजना यशस्वी झाली यात शंका नाही. तिची दुसरी बाजू अशी की गोऱ्या वृत्तपत्रांनी तो मुद्दाम कोरा ठेवलेला चेहरा मंदबुद्धीचे लक्षण मानला. त्याला झोपाळू, जनावरासारखा, मारण्याखेरीज काही न येणारा असे रंगवण्यात नामवंत क्रीडालेखकही मागे नव्हते. प्रत्यक्षात लुइसची जीभ नेमकी होती, तो ती बेताने वापरी. चपळ बिली कॉनशी दुसऱ्या लढतीच्या वेळी, तो पळत राहिला तर काय करणार, असे कोणी विचारले. पळता येईल, लपता येणार नाही, असे त्याचे उत्तर होते. ते इंग्रजीत आजही म्हणीसारखे वापरले जाते.

त्याच्या खेळाचे वर्णन पुष्कळदा ‘प्रचंड ताकद’ या दोन शब्दांत उरकले जाते, आणि ते अपुरे आहे. लुइस रिंगमध्ये नाचत नसे. पाय जवळजवळ जमिनीवर घासत, लहान पावले टाकत तो समोरच्याची जागा हळूहळू खात जाई. डाव्या हाताचा सरळ ठोसा, म्हणजे जॅब, हे त्याचे पहिले हत्यार. तो इतका जड होता की इतरांच्या बाबतीत अंतर मोजण्यापुरता असलेला ठोसा त्याच्या हातून निघाला की समोरच्याचा तोल जाई. उजवा ठोसा फार तर वीतभर अंतरावरून येई. हात मागे नेऊन, अंग वळवून मारण्याची त्याला गरजच पडत नसे, त्यामुळे ठोसा निघाला हे समजेपर्यंत तो बसलेला असे. एकदा माणूस डळमळला की लुइस घाई करीत नसे. डावा, उजवा, पुन्हा डावा अशी तीन-चार ठोशांची माळ तो एका लयीत पूर्ण करी. मुष्टियुद्धाचे जाणकार आजही शिकाऊ मुलांना त्याच्या लढतींच्या फिती दाखवतात, त्या याच मालिकांसाठी. दोषही होता: जॅब मारून झाल्यावर डावा हात परत हनुवटीपाशी न आणता तो जरा खाली सोडी.

२५ जून १९३५ रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये त्याने इटलीचा अवाढव्य माजी विजेता प्रिमो कार्नेरा याला सहाव्या फेरीत संपवले. मुसोलिनीच्या फौजा तेव्हा इथिओपियावर चालून जाण्याच्या तयारीत होत्या, त्यामुळे न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत ही लढत निव्वळ लढत राहिली नाही. सप्टेंबरात आणखी एक माजी विजेता मॅक्स बेअर चौथ्या फेरीत पडला. त्याच दिवशी, लढतीला काही तास उरले असताना, लुइसने मार्व्हा ट्रॉटरशी लग्न केले होते. आता किताब टप्प्यात आला असे सगळ्यांना वाटू लागले. जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग ही वाटेतली एक औपचारिकता मानली गेली.

श्मेलिंग तीस वर्षांचा होता, १९३० ते १९३२ या काळात जगज्जेता राहिलेला. त्याने लुइसच्या लढतींच्या फिती पुन्हा पुन्हा पाहिल्या आणि खाली येणारा डावा हात हेरला. आपल्याला काहीतरी दिसले आहे, एवढेच तो पत्रकारांना सांगत राहिला. हीच चूक आणखी एकाने पाहिली होती आणि तो ती उघडपणे बोलत होता: जॅक जॉन्सन. लुइसच्या गोटाने ज्याच्यापासून चार हात दूर राहायचे ठरवले होते, त्याचीच नजर अचूक ठरावी हा योगायोग मजेशीर आहे. लुइसला तेव्हा गॉल्फचे नवे वेड लागले होते आणि सरावात त्याचे मन नव्हते. १९ जून १९३६ रोजी चौथ्या फेरीत श्मेलिंगचा उजवा ठोसा त्या मोकळ्या जागेतून आत शिरला आणि लुइस व्यावसायिक कारकिर्दीत प्रथमच खाली गेला. नंतरच्या आठ फेऱ्या तो तोच ठोसा खात राहिला. बाराव्या फेरीत दहा आकडे मोजून झाले तरी तो उठला नाही.

नियमाने ब्रॅडॉकशी लढण्याचा हक्क आता श्मेलिंगचा होता. करारही झाला होता. पण नाझी जर्मनीच्या खेळाडूच्या लढतीवर बहिष्कार टाकण्याची मोहीम अमेरिकेत जोरात होती, आणि किताब एकदा बर्लिनला गेला तर तो परत पणाला लागेल याची खात्री कोणालाच नव्हती. प्रमोटर माइक जेकब्सने ब्रॅडॉकपुढे वेगळा सौदा ठेवला: लुइसशी लढ, आणि हरलास तर पुढची दहा वर्षे हेवीवेट किताबाच्या लढतींतल्या माझ्या नफ्याचे दहा टक्के तुझे. ब्रॅडॉकने तो घेतला. ठरल्या दिवशी श्मेलिंग न्यूयॉर्कला जाऊन, जी लढत होणारच नाही तिच्यासाठी नियमानुसार वजन करून आला. शिकागोत ब्रॅडॉकने पहिल्या फेरीत लुइसला खाली पाडले खरे, पण आठव्या फेरीत उजव्या ठोशाने तो तोंडावर पडला. बावीस वर्षांची समजूत मोडली ती कोणाचे मन पालटले म्हणून नव्हे, हिशेब जुळला म्हणून. श्मेलिंगला हरवेपर्यंत मला विजेता म्हणू नका, असे लुइस स्वतः सांगत होता.

ती दुसरी लढत २२ जून १९३८ रोजी यँकी स्टेडियममध्ये झाली. समोर सुमारे सत्तर हजार प्रेक्षक होते आणि रेडिओवर कोट्यवधी श्रोते. ऑस्ट्रिया गिळून हिटलरला तीन महिने झाले होते. लुइस लोकशाहीचा आणि श्मेलिंग नाझीवादाचा प्रतिनिधी, अशी मांडणी वृत्तपत्रांनी करून टाकली होती. ती दोघांवरही अन्याय करणारी होती. श्मेलिंग नाझी पक्षाचा सदस्य नव्हता आणि त्याचा अमेरिकी मॅनेजर ज्यू होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा त्याने दोन ज्यू मुलांना आपल्या खोलीत लपवले, हे जगाला फार उशिरा कळले. आणि लोकशाहीच्या प्रतिनिधीला तिच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्यांच्या हॉटेलात जेवायला बसता येत नव्हते.

लढत २ मिनिटे ४ सेकंद चालली. या वेळी लुइसने वाट पाहिली नाही. घंटा होताच तो जॅब मारत आत शिरला. श्मेलिंग दोरांना टेकला आणि अंग वळवून बचाव करू लागला, तोच लुइसचा उजवा ठोसा बरगड्यांखाली, पाठीच्या बाजूला बसला. श्मेलिंगच्या तोंडून निघालेली किंकाळी रिंगजवळच्या प्रेक्षकांनी ऐकली. त्या ठोशाने त्याच्या मणक्याचा एक भाग मोडल्याचे नंतर निष्पन्न झाले. मग तो तीनदा पडला. त्याच्या कोपऱ्यातून शरणागतीचा टॉवेल आत आला. पंच आर्थर डोनोव्हनने तो उचलून बाजूला फेकला, पण लगेच स्वतःच लढत थांबवली.

त्या रात्रीची एक आठवण पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांनी आपल्या आत्मचरित्रपर पुस्तकात नोंदवली आहे. ते तेव्हा तेरा वर्षांचे होते. जॉर्जियातल्या त्यांच्या शेतावर काम करणाऱ्या कृष्णवर्णीय शेजाऱ्यांनी रेडिओ ऐकू द्यावा अशी विनंती केली, म्हणून वडिलांनी तो खिडकीत आणून ठेवला. लढत संपली. वडिलांना निकाल रुचला नव्हता. अंगणातली मंडळी काही न बोलता उठली, त्यांनी नम्रपणे आभार मानले, रेल्वेचे रूळ ओलांडून पलीकडच्या एका घरात गेली, दार लावले, आणि मग त्या घरातून जल्लोषाचा जो कल्लोळ उठला तो रात्रभर चालला. रॉक्सबरोचे नियम एकट्या लुइससाठी नव्हते, हे यातून जेवढे स्पष्ट होते तेवढे कोणत्याही विश्लेषणाने होणार नाही.

पुढच्या चार वर्षांत लुइस ज्या धडाक्याने लढला तो कुठल्याही विजेत्याला आज परवडणार नाही. डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सात महिन्यांत त्याने सात वेळा किताब राखला. क्रीडालेखकांनी त्या प्रतिस्पर्ध्यांना ‘महिन्याचा फालतू गडी’ अशी शेलकी पदवी दिली. सातवा बिली कॉन मात्र तसा नव्हता. लाइट हेवीवेटचा हा माजी विजेता लुइसपेक्षा बराच हलका होता. १८ जून १९४१ रोजी पोलो ग्राउंड्सवर बारा फेऱ्या तो आत-बाहेर करत लुइसला झुलवत राहिला. तीनपैकी दोन गुणपत्रिकांवर तो पुढे होता. उरलेल्या तीन फेऱ्या दूर राहून काढल्या असत्या तर किताब त्याचा होता. पण बाराव्या फेरीत लुइस डळमळलेला पाहून कॉनला त्याला खाली पाडण्याचा मोह झाला. तेराव्या फेरीत तो समोरासमोर भिडला आणि फेरी संपायला दोन सेकंद उरले असताना बाद झाला.

९ जानेवारी १९४२ रोजी बडी बेअरविरुद्ध किताब राखून लुइसने आपली सगळी कमाई नौदलाच्या मदतनिधीला दिली. या नौदलात कृष्णवर्णीयांना बहुतांशी खानसाम्याची आणि वाढप्याची कामे मिळत, आणि त्यावरून कृष्णवर्णीय वृत्तपत्रांनी लुइसला जाबही विचारला. दुसऱ्याच दिवशी तो लष्करात दाखल झाला. मार्चमध्ये एब सायमनविरुद्धच्या लढतीतली कमाई त्याने लष्कराच्या निधीला दिली. एप्रिलमध्ये ब्लॅकबर्न वारला. रॉक्सबरो नंबर्सच्या खटल्यात तुरुंगात गेला. पुढची वर्षे लुइस गणवेशात देशोदेशीच्या तळांवर प्रदर्शनीय लढती खेळत हिंडला. त्याचे चित्र भरतीच्या भित्तिपत्रकांवर झळकले. वंशानुसार वेगवेगळ्या तुकड्या ठेवणाऱ्या सैन्याने आपल्या प्रचारासाठी त्यालाच पुढे केले.

तरी वर्दीतला लुइस पूर्वीइतका मुका राहिला नाही. फोर्ट रायली येथे जॅकी रॉबिन्सन नावाचा एक सैनिक आणि त्याचे सहकारी पात्र असूनही अधिकारी प्रशिक्षणातून डावलले जात होते. लुइसने वॉशिंग्टनमधल्या आपल्या ओळखी वापरल्या आणि त्यांना प्रवेश मिळाला. हाच रॉबिन्सन १९४७ मध्ये मेजर लीग बेसबॉलचा वर्णभेद मोडणारा खेळाडू ठरला. तळांवरच्या प्रेक्षागारांत काळे-गोरे वेगळे बसवले तर आपण उतरणार नाही, असेही लुइस बजावू लागला.

युद्धानंतर त्याचे पाय जड झाले होते. जून १९४६ मध्ये कॉनला त्याने आठव्या फेरीत हरवले. डिसेंबर १९४७ मध्ये जर्सी जो वॉलकॉटने त्याला दोनदा खाली पाडले, तरी निकाल बहुमताने लुइसकडे गेला. लुइस स्वतःच हरल्यासारखा रिंग सोडून निघाला होता. सहा महिन्यांनी अकराव्या फेरीत वॉलकॉटला बाद करून त्याने शंकेला जागा ठेवली नाही, आणि मग निवृत्ती घेतली. ती टिकली असती तर त्याच्या खात्यावर श्मेलिंगकडची एकच हार राहिली असती.

ती टिकली नाही याचे कारण कर. लुइसने कारकिर्दीत सुमारे ४६ लाख डॉलर मिळवले असे मानतात, त्यांतले जेमतेम आठ लाख त्याच्या हाती पडले. मॅनेजरांचा निम्मा वाटा, सरावतळाचा खर्च, जेकब्सची उचल, मार्व्हाशी घटस्फोट, बुडालेले धंदे आणि कोणालाही नाही न म्हणणारा हात, अशी बाकीची वाट लागली. मंदीच्या काळात कुटुंबाने सरकारी मदत घेतली होती. पैसा येताच ती त्याने डेट्रॉइट शहराला परत केली होती. युद्धकाळात उत्पन्न थांबले, उसनवारी वाढली. कॉनविरुद्धच्या दुसऱ्या लढतीत सुमारे सहा लाख मिळाले ते जुनी देणी फेडण्यात गेले, आणि त्या एका वर्षाच्या उत्पन्नावर त्या काळच्या चढ्या दराने आलेला कर तसाच राहिला. शिवाय मदतनिधींना दिलेली कमाईही कर खात्याने त्याचेच उत्पन्न धरली. व्याज चढत गेले. पन्नासच्या दशकात थकबाकी दहा लाखांवर पोचली. १९५३ मध्ये आई वारली. तिने त्याच्या नावे ठेवलेले सहाशे-सातशे डॉलरही खात्याने वसूल केले.

या कराच्या ओझ्यापायीच सप्टेंबर १९५० मध्ये तो तेव्हाचा विजेता एझार्ड चार्ल्सविरुद्ध पुन्हा रिंगमध्ये उतरला होता आणि गुणांवर हरला होता. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रॉकी मार्सियानोने आठव्या फेरीत त्याला दोरांबाहेर ढकलले. मार्सियानो लहानपणापासून लुइसचा चाहता होता. १९५६ मध्ये लुइस पैशांसाठी व्यावसायिक कुस्तीही खेळला. साठच्या दशकात कर खात्याने चालू उत्पन्नावरच्या करापुरती मागणी मर्यादित केली. नंतरची वर्षे मादक पदार्थ, संशयाचा आजार, मनोरुग्णालय आणि हृदयाची शस्त्रक्रिया यांत गेली. लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये पाहुण्यांचे स्वागत करण्याची नोकरी त्याला मिळाली होती. १२ एप्रिल १९८१ रोजी त्याचे निधन झाले. अध्यक्ष रेगन यांनी नियम शिथिल करून आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत त्याला जागा दिली. अंत्यविधीच्या खर्चाला श्मेलिंगने हातभार लावला. दोघे युद्धानंतर मित्र झाले होते.

मुहम्मद अलीच्या पिढीला लुइसचा संयम लाचारीसारखा वाटला. अलीने एके काळी त्याला गोऱ्यांचा आज्ञाधारक म्हणून हिणवले, आणि नंतर त्यालाच मानाने आपल्या सरावतळावर बोलावले. पण अलीला जे मोकळेपणाने बोलता आले ते जॉन्सनच्या काळात खपले नव्हते, आणि मधल्या काळात किताबाचे दार उघडे ठेवले ते लुइसने. डेट्रॉइटमध्ये १९८६ साली रॉबर्ट ग्रॅहम या शिल्पकाराने घडवलेला, चोवीस फूट लांबीचा त्याचा आडवा हात आणि आवळलेली मूठ उभारण्यात आली. त्या शिल्पाला चेहरा नाही म्हणून काहींनी नाक मुरडले.

वारशाचा सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग गॉल्फचा आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक गॉल्फ संघटनेच्या घटनेत सदस्यत्व गोऱ्यांपुरते ठेवणारे कलम होते. जानेवारी १९५२ मध्ये सॅन डिएगो येथील स्पर्धेत लुइसला निमंत्रण मिळाले आणि मग संघटनेने आक्षेप घेतला. या वेळी लुइस कोरा चेहरा करून बसला नाही. त्याने वृत्तपत्रांत आणि रेडिओवर बोभाटा केला आणि संघटनेच्या अध्यक्षाची तुलना थेट हिटलरशी केली. हौशी खेळाडू म्हणून त्याला उतरू देण्यात आले. संघटनेची मान्यता असलेल्या स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय म्हणून त्याचे नाव घेतले जाते. बिल स्पिलर या कृष्णवर्णीय व्यावसायिकाला मात्र तेव्हाही वगळले गेले. ते कलम घटनेतून निघाले नोव्हेंबर १९६१ मध्ये.